‘संग्रहित दृश्ये’ या पट्टीखालचा माणूस : संपादकांना खुले पत्र

प्रति,
हिंसक घटनांचे वार्तांकन करणाऱ्या वृत्तवाहिन्या, वृत्तपत्रे आणि वृत्तसंकेतस्थळे यांचे सर्व संपादक

विषय : हिंसक घटनांतील मृतांची दृश्ये पुनःपुन्हा वापरण्याबाबत आणि त्या अनुषंगाने काही मागण्या

महोदय, महोदया,

मी एकोणीस वर्षे बातम्यांच्या डेस्कवर काम केले आणि त्यांतली बहुतेक वर्षे रात्रपाळीत काढली. दोन वर्षे व्हायला आली, एका माणसाने गर्दीवर केलेल्या गोळीबारात माझा भाचा गेला. या दोन वाक्यांतले कोणते आधी लिहावे, याचा मी बराच विचार केला. कारण पहिल्यामुळे आपण मला आपल्यातलाच एक समजून ऐकून घ्याल, आणि दुसऱ्यामुळे ‘दुःखाच्या भरात लिहिले आहे’ असे म्हणून पत्र बाजूला ठेवाल, अशी मला भीती होती. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि पुढचे सगळे त्या दोन्हींच्या आधाराने लिहिले आहे.

पत्राचे निमित्त गेल्या महिन्यातले आहे. दुसऱ्याच एका देशात, दुसऱ्याच कारणाने झालेल्या हल्ल्याची बातमी एका वाहिनीवर सुरू होती. तिथली दृश्ये अजून हाती आलेली नव्हती, म्हणून पडदा भरायला जुनी दृश्ये लावली होती. कोपऱ्यात ‘संग्रहित’ अशी बारीक पट्टी होती आणि त्या दृश्यात माझा भाचा रस्त्यावर पडलेला होता. अकरा सेकंदांचा तो तुकडा बातमी संपेपर्यंत सहा वेळा फिरला. मी मोजले, डेस्कवर काम केलेल्या माणसाला ही खोड असते.

हा तुकडा आमच्या घरात पहिल्यांदा कसा पोहोचला, ते सांगतो. घटनेच्या दिवशी सायंकाळी माझी बहीण मुलाला फोन लावत होती, तो उचलला जात नव्हता, आणि समोर दूरचित्रवाणी सुरू होती. दृश्यातला चेहरा नियमाप्रमाणे धूसर केलेला होता. अंगातला चौकड्यांचा शर्ट मात्र स्वच्छ दिसत होता, आणि त्याच्या उजव्या कोपराजवळची उसवण तिने चारच दिवसांपूर्वी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवली होती, कारण घरात जुळणारा दोरा नव्हता. तिने मला फोन करून एवढेच म्हटले, “दादा, तो शर्ट मी शिवलाय.” पोलिसांचा फोन त्यानंतर सव्वातीन तासांनी आला. चेहरा धूसर करणाऱ्या सहकाऱ्याने आपले काम केले होते, याबद्दल मला शंका नाही. पण ज्यांच्यापासून ती ओळख लपवायला हवी होती, ते माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. चालण्यावरून, चपलेवरून, शिवणीवरून ओळखतात. अनोळखी प्रेक्षकाला चेहरा दिसला असता तरी त्याला काय कळणार होते?

त्या सायंकाळबद्दल मी कोणाविरुद्ध तक्रार केली नाही. पहिल्या तासात डेस्कवर काय चाललेले असते, हे मला ठाऊक आहे. चार फोन एकदम वाजत असतात, स्पर्धक वाहिनीवर फ्लॅश गेलेला असतो, वार्ताहर घटनास्थळी पोहोचलेला नसतो आणि निर्णय घेणारा माणूस बहुधा पाळीतला सर्वांत वरिष्ठ नसून फक्त त्या क्षणी खुर्चीत असलेला असतो. त्या तासातल्या पुष्कळ चुका मी समजू शकतो, काही मी स्वतः केल्या आहेत. परंतु घाई हे पहिल्या तासाचे कारण होऊ शकते, दुसऱ्या वर्षाचे नाही. संग्रहातून तो तुकडा शोधून काढणाऱ्याने त्याचे नाव टंकले, यादीतून तो निवडला, रनडाउनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या क्रमवारीत, लावला आणि पट्टी लिहिली. यातली एकही गोष्ट धावपळीत आपोआप घडत नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे, आणि बाकीच्या तक्रारी तिच्या आगेमागे येतात.

आधी पहिल्या तासाबद्दलच, कारण आपल्या व्यवसायाने तिथे काही शिकून घेतले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. १९७२ च्या सप्टेंबरात म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली पथकातील लोकांना ओलीस ठेवलेल्या इमारतीच्या छपरावर पोलीस चढत असल्याचे दूरचित्रवाणीवर थेट दिसत होते आणि आतल्या खोल्यांतही दूरचित्रवाणी संच होते. ती कारवाई अर्ध्यावर सोडावी लागली. १९८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या ग्लाडबेक येथून सुरू झालेल्या ओलीसनाट्यात पत्रकारांनी हातात पिस्तूल असलेल्या दरोडेखोरांच्या मुलाखती घेतल्या, आणि एक पत्रकार तर वाट दाखवायला त्यांच्या मोटारीत बसला. त्या तीन दिवसांत दोन ओलीस आणि एक पोलीस अशा तिघांचा जीव गेला. गुन्हा सुरू असताना गुन्हेगाराची मुलाखत घ्यायची नाही, असे कलम जर्मन वृत्तपत्र परिषदेने त्यानंतर आपल्या संहितेत घातले. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या आणि १६६ जणांचा बळी घेणाऱ्या हल्ल्यात सुरक्षा दलांच्या हालचाली वाहिन्यांवर थेट दाखवल्या जात होत्या आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ते पाहून हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजनच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. एवढे होऊनही २०१५ च्याच जानेवारीत पॅरिसमधल्या एका दुकानात ओलीस नाट्य चालू असताना काही माणसे आत लपून बसली आहेत, हे एका वाहिनीने कारवाई संपण्याआधी सांगून टाकले. ती माणसे वाचली आणि त्यांच्यापैकी काहींनी नंतर त्याविरुद्ध तक्रार नोंदवली.

या सगळ्या प्रकरणांत नियम आला तो घटनेनंतर, आणि आला तो फक्त घटना सुरू असण्याच्या काळापुरता. गोळीबार थांबला, की त्याच्याशी संबंधित शिस्तही थांबते.

दुसरी तक्रार नावाची आणि छायाचित्राची आहे, आणि इथे मला स्वतःपासून सुरुवात करावी लागेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रात्री अशाच एका घटनेतील मृतांची यादी आली तेव्हा एका नावाचे छायाचित्र हवे होते. मी समाजमाध्यमांवर ते नाव शोधले, वय जुळते असे वाटले, गाव जुळते असे वाटले आणि संकेतस्थळावर छायाचित्र चढवले. तो माणूस जिवंत होता. वीस मिनिटांत त्याचाच फोन आला. तो ओरडला नाही, “माझ्या मुलीला आता शाळेत हे कोण सांगणार?” एवढेच त्याने विचारले. मी म्हणालो, “दुरुस्ती छापतो.” छापलीही, तिसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, चार ओळी. माझ्यापेक्षा खूप मोठ्या संस्थांनी हेच केले आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतील सँडी हुक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले, त्या दिवशी कित्येक तास हल्लेखोर म्हणून ज्याचे नाव आणि छायाचित्र फिरत होते, तो हल्लेखोराचा भाऊ होता. त्याची आईही त्याच सकाळी मारली गेली होती. समाजमाध्यमांवरच्या खात्यातले छायाचित्र म्हणजे दारात पडलेले वर्तमानपत्र नव्हे, की ज्याला हवे त्याने उचलावे. आणि चूक पहिल्या पानावर व दुरुस्ती आतल्या पानावर, ही आपली जुनी रीत कोणत्या न्यायाने चालते, याचे उत्तर मला एकोणीस वर्षांत कोणी दिले नाही. मीही कोणाला विचारले नाही, हेही खरे.

हल्लेखोराबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत १५ मार्च २०१९ रोजी ५१ जणांना मारणाऱ्याने आपले कृत्य सुमारे १७ मिनिटे थेट प्रसारित केले. त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती पहिल्या २४ तासांत काढून टाकाव्या लागल्याचे फेसबुकने सांगितले. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याचे नाव आपल्या तोंडून कधीच ऐकू येणार नाही, असे संसदेत जाहीर केले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते सुमारे दीड महिन्याने घडले : तिथल्या पाच प्रमुख वृत्तसंस्थांनी, ज्या एरवी एकमेकींच्या स्पर्धक आहेत, खटल्याचे वार्तांकन कसे करायचे याचे लेखी नियम एकत्र बसून ठरवले, जेणेकरून न्यायालय त्या माणसाच्या प्रचाराचे व्यासपीठ होऊ नये. ‘आम्ही थांबलो तर दुसरा दाखवेल’ हे आपले नेहमीचे उत्तर तिथे पाच जणांनी मिळून खोटे पाडले. हल्लेखोराचे नावच छापू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. नावावाचून चौकशी होत नाही. शस्त्र कुठून आले, आधी कोणाला सूचना मिळाली होती का, हे प्रश्नच विचारता येत नाहीत. पण नाव एकदा सांगणे वेगळे आणि त्याचे रोखून पाहणारे छायाचित्र महिनोन् महिने प्रत्येक मथळ्यामागे लावणे वेगळे. आमच्या घटनेच्या पहिल्या स्मृतिदिनी एका वाहिनीने अर्ध्या तासाचा विशेष कार्यक्रम केला. त्यातली सतरा मिनिटे हल्लेखोराच्या बालपणाला, त्याच्या वाचनाला आणि त्याच्या एका वर्गमित्राला मिळाली. मृतांची नावे शेवटी श्रेयनामावलीसारखी वर सरकत गेली आणि माझ्या भाच्याचे आडनाव चुकलेले होते.

याच कार्यक्रमात तो अकरा सेकंदांचा तुकडा संथ गतीने, पार्श्वसंगीतासह दाखवला गेला. तो पुन्हा दाखवू नये, अशी विनंती बहिणीने फोनवर केली, तेव्हा तिला आउटपुटकडून (प्रसारण सांभाळणाऱ्या विभागाकडून) असाइनमेंटकडे (वार्ताहरांना कामे देणाऱ्या विभागाकडे), तिथून डिजिटल विभागाकडे पाठवण्यात आले आणि डिजिटल विभागाने पुन्हा आउटपुटचा क्रमांक दिला. मग मी लेखी तक्रार केली. पाच आठवड्यांनी तीन ओळींचे उत्तर आले. त्यातली एक ओळ अशी होती : ‘सदर दृश्ये यापूर्वीच सार्वजनिक झालेली असल्याने ती पुन्हा दाखवण्यात आक्षेपार्ह काही नाही.’ ती सार्वजनिक कोणी केली, हा प्रश्न उत्तर लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. आपणच एखादी गोष्ट एकदा दाखवायची आणि दुसऱ्यांदा दाखवताना ‘ती तर सगळ्यांनी पाहिलेलीच आहे’ म्हणायचे, हे म्हणजे स्वतःच्याच सहीची साक्ष काढण्यासारखे आहे.

मृताचे दृश्य पहिल्या दिवशी बातमी असू शकते. काय घडले, किती मोठे घडले, हे सांगायला ते कधीकधी लागते, याबद्दल प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. परंतु दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या हल्ल्याच्या बातमीत ते दृश्य काहीच सांगत नाही. तिथे ते रिकामी जागा भरते. एका माणसाचा शेवट आपण पावसाळ्यातल्या तुंबलेल्या रस्त्याच्या किंवा नोटा मोजणाऱ्या यंत्राच्या दृश्याच्या रांगेत नेऊन बसवला आहे, विषय निघाला की लावायला सोयीचे म्हणून. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत खासगी शोकाच्या क्षणांत छायाचित्रणाने घुसखोरी करू नये, असे म्हटले आहे. मृताच्या आप्तांना बातमी आपल्याकडून कळू नये यासाठी शक्य ते करावे, असे बीबीसीची संपादकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. या दोन्हींतला क्षण एकच धरलेला आहे. तोच क्षण सोयीप्रमाणे पुन्हा उभा केला, तर काय करायचे, ते तिथे शोधावे लागते. आणि वेळ गेल्याने हक्क कमी होतो, हेही खरे नाही. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १३ मार्च १९९६ रोजी एका शाळेत १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. त्या वर्गातून वाचलेली मुले १८ वर्षांची होऊ लागली तेव्हा, २००९ मध्ये, एका वृत्तपत्राने त्यांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांत शिरून त्यांच्या साध्या मौजमजेची पहिल्या पानावर बातमी केली. हजारो लोकांनी निषेध केला आणि त्या वृत्तपत्राला माफी मागावी लागली. तेरा वर्षांनंतर तिथे कसली घाई होती?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनबुडाचा नाही. काही वेळा अशी दृश्ये दाखवल्यानेच समाज हलतो. १९५५ मध्ये मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली, तेव्हा त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवली आणि मुलाच्या विद्रूप चेहऱ्याची छायाचित्रे छापू दिली. त्या छायाचित्रांनी अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीला बळ दिले, हे सर्वमान्य आहे. पण निर्णय कोणाचा होता ते पाहा. आईने ठरवले, जगाने पाहावे म्हणून ठरवले, आणि काय झाकायचे व काय नाही, हे तिच्या हातात होते. माझ्या बहिणीला कोणी विचारले असते, तर ती नाहीच म्हणाली असती, असेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिला विचारलेच गेले नाही.

आपल्या वार्ताहरांविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. घटनेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारापाशी एक तरुण वार्ताहर आली होती. तिने आत पाहिले, बहीण कुठे बसली आहे ते पाहिले, माईक पिशवीत ठेवला आणि एकही प्रश्न न विचारता ती परत गेली. ‘इतरांकडे आईचा बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) आहे, आपल्याकडे का नाही’ असे तिला त्या रात्री ऑफिसातून विचारण्यात आले, हे तिने मला काही महिन्यांनी भेटल्यावर सांगितले. तिने तो दिवस सुट्टी म्हणून भरून दिला होता. मागे राहिलेल्यांकडेही, म्हणजे डेस्कवर बसून न कापलेली दृश्ये पाहणाऱ्या मुलांकडेही, कोणाचे लक्ष नसते. टोरांटोतील मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइन्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशा कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक दृश्ये सलग किती वेळ पाहिली यापेक्षा ती किती वारंवार पाहावी लागली, याचा मनावरील परिणामाशी अधिक संबंध त्यांना आढळला. संग्रहातला तुकडा वारंवार बाहेर काढला, की तो कापणाऱ्यालाही वारंवार पाहावा लागतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मृत किंवा मरणोन्मुख व्यक्ती दिसत असलेली सर्व दृश्ये घटनेनंतर तीस दिवसांनी सामान्य संग्रहातून काढून कुलूपबंद करावीत. ती पुन्हा वापरायची असतील तर ती त्याच घटनेच्या बातमीत, लेखी कारण नोंदवून, संपादकाच्या नावानिशी सहीने आणि कुटुंबाला आधी कळवूनच वापरावीत. दुसऱ्या घटनेच्या बातमीत ती कोणत्याही कारणाने वापरू नयेत. ही माझी पहिली मागणी आहे, आणि बाकीच्या सगळ्या फेटाळल्या तरी ही एक मान्य करावी, अशी विनंती आहे.

कुटुंबांसाठी प्रत्येक संस्थेत एक नाव आणि एक दूरध्वनी क्रमांक असावा, आणि त्या व्यक्तीला दृश्य काढून टाकण्याचा अधिकार असावा. केवळ तक्रार पुढे पाठवण्याचा नव्हे.

धूसर करताना चेहऱ्यापुरते थांबू नये. कपडे, पादत्राणे, पिशवी, वाहनाचा क्रमांक, गोंदण, सगळे झाकावे. ते शक्य नसेल तर दृश्य वापरू नये.

मृताचे नाव अधिकृत दुजोरा मिळाल्यावर आणि आप्तांना कळवल्याची खात्री झाल्यावरच द्यावे. समाजमाध्यमावरून घेतलेले छायाचित्र दोन माणसांनी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय आणि घरच्यांच्या होकाराशिवाय वापरू नये. दुरुस्ती जिथे चूक झाली त्याच जागी, तेवढ्याच आकारात द्यावी.

हल्लेखोराचे छायाचित्र ओळख पटवण्याच्या बातमीनंतर मथळ्यात, पहिल्या पानावर आणि पार्श्वभूमीवर लावू नये. त्याचा जाहीरनामा वाचून दाखवू नये. न्यूझीलंडमधल्या पाच संस्थांप्रमाणे आपण एकत्र बसून हे लेखी ठरवावे.

प्रत्येक पाळीत डेस्कवर एका व्यक्तीला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असावा, आणि तो अधिकार पुढच्या बैठकीपर्यंत कोणीही मोडू नये. बाईट न घेता परतलेल्या वार्ताहराला त्याबद्दल जाब विचारू नये.

यांपैकी कशासाठीही नवा कायदा लागत नाही आणि फारसा खर्चही नाही. संग्रहाच्या यादीत एक खूण आणि एक कुलूप, एवढे काम एका आठवड्यात होते. मी ती यादी वापरलेली आहे.

दुसरा स्मृतिदिन आजपासून सात आठवड्यांवर आहे. विशेष कार्यक्रमांची आखणी किती आधी होते, हे मला ठाऊक आहे, म्हणून पत्र आजच लिहीत आहे. त्या दिवशी बहीण दूरचित्रवाणी लावणार नाही. तो शर्ट पोलिसांकडून परत आला, तेव्हापासून कपाटात आहे. भाच्याचे आडनाव कसे लिहायचे, हे कोणाला हवे असल्यास मला विचारावे.

आपला,
एक माजी उपसंपादक